बंद झालेला लाइट फील्ड कॅमेरा सवलतीत घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो काढल्यानंतरही त्यातला फोकस बदलू देणारे लायट्रो कंपनीचे हे कॅमेरे आपल्याकडे बहुधा दोन वाटांनी येतात. अमेरिकेत नोकरीला असलेल्या मुलाने किंवा भाच्याने हौसेने घेतलेला आणि नंतर कपाटात पडून राहिलेला एखादा नग इंदूरच्या घरी येऊन पोहोचतो, नाहीतर ऑनलाइन जुन्या बाजारात ‘पेटीबंद, न वापरलेला’ अशा वर्णनासह तो मूळ किमतीच्या कितीतरी खाली दिसतो. दोन्ही प्रसंगी लोकांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. उत्तरांकडे वळण्याआधी आमचे मत सांगून टाकतो: कॅमेऱ्यासोबत त्याचे सॉफ्टवेअर आणि त्याची कॅलिब्रेशनची माहिती (आतल्या भिंगांच्या जुळणीची त्या नगापुरती नोंद) मिळत असेल तरच सवलतीला अर्थ आहे. नुसते यंत्र फुकटात मिळाले तरी ते शोभेची वस्तू होऊन बसते.

हा कॅमेरा कोणी काढला आणि तो बंद का झाला?

रेन इंग यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००६ साली लाइट फील्ड छायाचित्रणावर डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला आणि त्याच कामातून पुढे लायट्रो ही कंपनी उभी राहिली. तिचा पहिला कॅमेरा ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झाला आणि २०१२ च्या आरंभी ग्राहकांच्या हाती पडला. एप्रिल २०१४ मध्ये तिने ‘इलम’ हा मोठा कॅमेरा जाहीर केला. पुढे कंपनीने सामान्य ग्राहकांसाठी कॅमेरे करणे सोडून आभासी वास्तव आणि चित्रपटनिर्मितीची यंत्रे हाती घेतली, आणि मार्च २०१८ मध्ये ती बंद होत असल्याचे जाहीर झाले. फोटो काढल्यानंतर फोकस बदलता येतो ही करामत लोकांना पहिल्या दिवशी थक्क करीत असे. परंतु हातात येणारे चित्र लहान, ते पाहण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आवश्यक, आणि त्याच काळात मोबाइलचे कॅमेरे दरवर्षी सुधारत गेलेले, अशा तिहेरी कोंडीत तो सापडला.

साध्या कॅमेऱ्यापेक्षा तो वेगळे काय करतो?

साध्या कॅमेऱ्यात सेन्सरच्या एका बिंदूवर लेन्सच्या सगळ्या भागांतून आलेला प्रकाश एकत्र जमा होतो, आणि कोणता किरण कोणत्या दिशेने आला हा हिशेब तेथेच पुसला जातो. लाइट फील्ड कॅमेऱ्यात सेन्सरच्या अगदी पुढ्यात अतिसूक्ष्म भिंगांची एक चादर बसवलेली असते. पहिल्या लायट्रोमध्ये अशी लाखाहून अधिक भिंगे मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेत मांडलेली असून, प्रत्येकाची रुंदी मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाइतकी, म्हणजे सुमारे १४ मायक्रॉन आहे. एका भिंगाच्या मागे आडवे साधारण दहा पिक्सेल येतात, आणि त्यांतील प्रत्येक पिक्सेल मुख्य लेन्सच्या वेगवेगळ्या भागातून आलेला प्रकाश टिपतो. त्यामुळे प्रकाश किती आला याबरोबर तो कोठून आला हेही नोंदले जाते, आणि त्या नोंदीवरून संगणक नंतर वेगळ्या अंतरावर फोकस केलेले चित्र गणिताने तयार करू शकतो.

ही कल्पना नवी नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांनी सूक्ष्म भिंगांच्या चादरीतून छायाचित्र घेण्याची पद्धत १९०८ मध्येच मांडली होती, आणि योगायोग असा की त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही त्याच वर्षी मिळाले, मात्र ते रंगीत छायाचित्रणाच्या निराळ्या पद्धतीसाठी. लायट्रोने केले ते हे की, प्रयोगशाळेत टेबलभर पसरणारी ही मांडणी खिशात मावणाऱ्या चौकोनी नळीत बसवली.

दिशेची नोंद ठेवण्याची किंमत चित्राच्या बारकाव्यातून चुकवावी लागते. पहिल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ३२८० गुणिले ३२८० पिक्सेल आहेत, तरी त्यातून निघणारे सपाट, म्हणजे एकाच फोकसचे नेहमीसारखे चित्र सुमारे १०८० गुणिले १०८० एवढेच असते. पेटीवर ‘११ मेगारे’ आणि इलमच्या पेटीवर ‘४० मेगारे’ असे लिहिलेले असते. मेगारे म्हणजे नोंदलेले दशलक्ष किरण; त्याला मेगापिक्सेल समजून व्यवहार करणारे बरेच जण फसतात. इलमचे सपाट चित्र साधारण ४ मेगापिक्सेलचे निघते.

दोन मॉडेलपैकी कोणते घ्यावे?

पहिला कॅमेरा लहान, २१४ ग्रॅम वजनाचा आणि दिसायला खेळण्यातल्या दुर्बिणीसारखा आहे. त्याला आठपट झूम आहे, मागे जेमतेम दीड इंची स्पर्शपडदा आहे, आणि कार्डाची खाच नाही. ८ जीबीच्या नगात सुमारे ३५० आणि १६ जीबीच्या नगात सुमारे ७५० चित्रे मावतात. पुढे संगणकावर उतरवून जागा रिकामी करण्याखेरीज मार्ग नाही. इलम जवळजवळ एक किलो वजनाचा आहे. त्याची लेन्स ३० ते २५० मिलिमीटरच्या तोडीची असून पडदा चार इंची आहे, कार्ड आणि बॅटरी दोन्ही काढता-घालता येतात, आणि ट्रायपॉड व फ्लॅश जोडण्याची सोयही आहे. पहिल्या कॅमेऱ्याला यातले काहीच नाही. ट्रायपॉडसाठीदेखील वेगळी जोडणी लागते.

आमचा कल इलमकडे आहे, आणि त्याचे मुख्य कारण चित्राचा आकार नसून काढता येणारी बॅटरी व कार्ड हे आहे. पंधरा वर्षांच्या घरात पोहोचलेल्या यंत्रात जे भाग बाहेर काढता येतात तेवढ्यांचाच आपण काही इलाज करू शकतो. इलमवर एक खास बटण आहे, ते दाबले की समोरच्या दृश्यातील फोकसच्या आवाक्यातील (ज्या अंतरांवर नंतर फोकस नेता येईल त्या पट्ट्यातील) जवळच्या वस्तूंच्या कडा निळ्या आणि दूरच्या वस्तूंच्या कडा नारिंगी दिसतात. ही सोय वापरल्याशिवाय लाइट फील्ड चित्राची रचना मनात बसत नाही, असे आम्हाला वाटते. ज्यांना केवळ वर्गात दाखवण्यासाठी नमुना हवा आहे त्यांना पहिला कॅमेरा पुरेसा आहे.

अपर्चर बदलता येत नाही, हा दोष आहे का?

दोष नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारे लेन्सचे भोक, एफ २ या मापावर कायम ठेवलेले आहे. सूक्ष्म भिंगे आणि मुख्य लेन्स यांचे एफ मूल्य जुळले, तरच प्रत्येक भिंगामागे पडणारी प्रकाशाची चकती शेजारच्या चकतीवर न चढता आपली जागा पुरती भरते. अपर्चर लहान केले असते तर चकत्या आकसून सेन्सरचा बराच भाग काळोखात राहिला असता. त्यामुळे उजेडाचा मेळ शटरच्या वेगाने आणि आयएसओने (सेन्सरच्या संवेदनशीलतेने) घालावा लागतो.

योग्य किंमत किती?

पहिल्या कॅमेऱ्याची अमेरिकेतील जाहीर किंमत ३९९ आणि ४९९ डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने ८ जीबीचा नग वीस हजार रुपयांच्या आसपास. इलमची जाहीर किंमत १५९९ डॉलर होती. ‘मूळ किंमत लाखभर, तुम्हाला पंचवीस टक्क्यांत’ अशी जाहिरात दिसली तर ती मूळ किंमत बाजूला ठेवावी. ज्या वस्तूला कंपनी नाही, दुरुस्तीची हमी नाही आणि अधिकृत सॉफ्टवेअरचा पुरवठा नाही, तिचा भाव मूळ किमतीवरून काढण्यात अर्थ नाही. पहिल्या कॅमेऱ्याला चांगल्या स्थितीतील जुन्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याइतका, आणि इलमला मध्यम दर्जाच्या जुन्या डीएसएलआरच्या लेन्सविना नुसत्या बॉडीइतका भाव द्यावा, हा आमचा ढोबळ हिशेब आहे. संग्राहक याहून अधिक देतात, पण त्यांना पेटी, चुंबकी झाकण आणि कागदपत्रे शाबूत हवी असतात. चित्र निघते की नाही याची त्यांना फारशी फिकीर नसते.

पैसे देण्याआधी काय तपासावे?

आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि विक्रेत्याला आदल्या रात्री कॅमेरा चार्जिंगला लावून ठेवण्यास सांगावे. वर्षानुवर्षे पडून राहिलेली लिथियम बॅटरी अर्ध्या तासात जागी होईलच असे नसते. ‘चार्ज नाही म्हणून चालू होत नाही’ हे वाक्य ऐकून व्यवहार करू नये, मग विक्रेता ओळखीतला असो वा नात्यातला.

कॅमेरा चालू झाला की टेबलावर एक मांडणी करावी. लेन्सपासून वीतभर अंतरावर चष्मा, हातभर अंतरावर पाण्याचा पेला, आणि त्यामागे आठ-दहा फुटांवर भिंतीवरचे कॅलेंडर असे तीन थर पुरतात. झूम अर्ध्याच्या पुढे न्यावा, फोकसचा आवाका मधल्या पेल्याभोवती ठेवावा आणि फोटो घ्यावा. मग पडद्यावर आधी चष्म्याच्या काडीवर, नंतर पेल्याच्या काठावर, शेवटी कॅलेंडरच्या आकड्यांवर बोट टेकवावे. प्रत्येक वेळी त्या त्या थराची कड उठून यायला हवी. कॅलेंडर थोडे मऊच राहिले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण आवाक्याला मर्यादा असते. परंतु तिन्ही ठिकाणी बोट टेकवूनही चित्रात काहीच हालचाल झाली नाही, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

यानंतर झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जातो का ते पाहावे. पहिल्या कॅमेऱ्यात झूमची पट्टी वरच्या रबरी भागावर स्पर्शाने चालते. ती मध्येच दाद देत नसेल तर पुढेही देणार नाही. लेन्समध्ये आरपार टॉर्च धरून बुरशीचे जाळे आहे का पाहावे. माळव्याची हवा मुंबईइतकी दमट नाही, तरी पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या लेन्सला ती धरतेच.

शेवटची आणि खरी परीक्षा लॅपटॉपवर द्यायची आहे. कॅमेरा यूएसबीने जोडून, नुकतेच घेतलेले चित्र सॉफ्टवेअरमध्ये उतरवून, त्यावर प्रक्रिया होऊन जेपेग बाहेर पडेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.

कॅलिब्रेशनची माहिती म्हणजे काय? तिच्यावर एवढा भर का?

भिंगांची चादर सेन्सरवर बसवताना प्रत्येक नगात ती किंचित तिरपी किंवा किंचित सरकलेली असते. एका पिक्सेलची रुंदी १.४ मायक्रॉन असल्यामुळे केसाच्या जाडीच्या शतांशाएवढा फरकही मोठा ठरतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक कॅमेऱ्याने एकसारख्या पांढऱ्या उजेडाची अनेक चित्रे, झूम आणि फोकसच्या निरनिराळ्या स्थितींत, घेऊन ठेवलेली असतात. कोणत्या भिंगाचे केंद्र कोणत्या पिक्सेलवर येते हे त्या चित्रांवरून कळते. ही माहिती नसेल तर कच्ची, म्हणजे प्रक्रिया न झालेली फाइल उघडल्यावर हजारो बारीक ठिपक्यांची जाळी तेवढी दिसते.

ही माहिती त्या एकाच कॅमेऱ्याची असते; शेजाऱ्याच्या लायट्रोची आपल्याला चालत नाही. ती अनुक्रमांकानुसार ओळखली जाते, आणि पहिल्या कॅमेऱ्याचे अनुक्रमांक ए अक्षराने, तर इलमचे बी अक्षराने सुरू होतात. कॅमेरा प्रथमच संगणकाला जोडला की लायट्रोचे सॉफ्टवेअर ती उतरवून घेते. म्हणून जुन्या मालकाच्या संगणकावर लायट्रोच्या नावाचे फोल्डर असेल तर ते सगळेच्या सगळे पेनड्राइव्हवर मागून घ्यावे, आणि इलमसोबत आलेले कार्ड त्यातील सर्व फायली उतरवल्याशिवाय फॉर्मॅट करू नये. या दोन गोष्टी मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. जुने घर घेताना आपण नकाशा मागतोच ना?

सॉफ्टवेअर आता कोठून मिळणार?

कंपनीचे संकेतस्थळ राहिलेले नाही, त्यामुळे लायट्रो डेस्कटॉपची स्थापनाफाइल विक्रेत्याकडूनच मिळाली तर सर्वांत उत्तम. इंटरनेटवर जतन केलेल्या जुन्या प्रती सापडतात, पण अनोळखी ठिकाणाहून उतरवलेली फाइल विषाणूची तपासणी केल्याशिवाय चालवू नये. संगणकाच्या बाबतीत आमचा सल्ला असा की, घरात एखादा जुना विंडोज लॅपटॉप असेल तर तो या कामासाठी राखून ठेवावा आणि त्यावर नवे अपडेट लादू नयेत. इलमच्या एका कच्च्या फाइलचा आकार ५० एमबीच्या वर जातो, त्यामुळे त्या लॅपटॉपला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवे.

कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवायही वाट आहे, मात्र ती अभ्यासूंची आहे. संशोधक डोनाल्ड डान्सरो यांनी मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसाठी केलेला लाइट फील्ड टूलबॉक्स आणि पायथन या संगणकभाषेतील प्लेनॉप्टिकॅम हा मुक्त प्रकल्प, हे दोन्ही लायट्रोच्या कच्च्या फायली उलगडू शकतात. त्यांनाही पांढरी चित्रे लागतातच.

फोटो ऑनलाइन टाकून लोकांना त्यात फोकस बदलू देता येईल का?

कंपनीची ती सेवा ३० नोव्हेंबर २०१७ रोजी बंद झाली. आता नातेवाइकांना दाखवायचे असेल तर फोकस सरकत जाणारी छोटी व्हिडिओफीत तयार करून पाठवावी.

बॅटरी बदलून मिळेल का?

पहिल्या कॅमेऱ्याची बॅटरी आत बंदिस्त आहे. ती बदलणे अशक्य नसले तरी कॅमेरा उघडावा लागतो, आणि उघडताना भिंगांची चादर असलेल्या भागाला धक्का लागला तर वर सांगितलेले कॅलिब्रेशन वाया जाते. इंदूरच्या जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर हाताचे पक्के आहेत यात शंका नाही. तरी काम देण्याआधी लेन्सच्या बाजूला अजिबात हात लावायचा नाही हे त्यांना स्पष्ट सांगावे, आणि बॅटरी फुगल्याने मागचा भाग उचलला गेला असेल तर ती आधी चार्ज करून पाहण्याचा मोह टाळावा. इलमची बॅटरी त्याच्यापुरतीच बनवलेली असल्याने शक्य झाल्यास दोन बॅटऱ्यांसह येणारा नग पाहावा.

परदेशातून कुरिअरने मागवावा का?

शक्यतो नाही. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला नव्या वस्तूंपेक्षा वेगळे नियम लागतात, सीमाशुल्क वेगळे, आणि सुटी लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. शिवाय आम्ही ज्या तपासण्या सांगितल्या त्यांतली एकही छायाचित्र पाहून होत नाही. कोणी येणारे-जाणारे असेल तर त्यांनी तिकडे तपासून हातसामानात आणणे बरे.

लग्न, मुंज किंवा रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) यासाठी उपयोग होईल का?

लग्न-मुंजीसाठी याच्यावर विसंबू नये. मंगलाष्टके संपण्याचा क्षण पुन्हा येत नाही, आणि १०८० पिक्सेलच्या चित्राचा मोठा अल्बम होत नाही. गेरीत तर कोणताच महागडा कॅमेरा राजवाड्यासमोर उघडा नेऊ नये. अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या (मिरवणुकीतील देखावे) आणि सराफ्यातील रात्रीची खाऊगल्ली ही दृश्ये मोहक असली तरी कमी उजेडात या लहान पिक्सेलच्या सेन्सरवर दाणे फार येतात, आणि दाणेदार चित्रात फोकस बदलल्याचा आनंदही उरत नाही.

मग इंदुरात कशाचे फोटो काढावेत?

जवळचे, थर असलेले आणि शक्यतो स्थिर विषय निवडावेत. फोकस बदलण्याची ताकद लेन्सच्या भोकाच्या प्रत्यक्ष रुंदीवर अवलंबून असते. पहिल्या कॅमेऱ्यात झूम न करता ती सुमारे ३ मिलिमीटर, तर पूर्ण झूमला सुमारे २५ मिलिमीटर भरते. म्हणून चौकाच्या पलीकडून राजवाड्याची सातमजली दर्शनी बाजू टिपली तर सगळेच दूर असल्याने कोठेही बोट टेकवा, चित्र तेच राहते. याउलट कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत (होळकरांच्या स्मारकांत) एखाद्या कोरीव खांबाच्या अगदी जवळ उभे राहून, तो खांब एका कडेला आणि मागच्या कमानी दुसऱ्या बाजूला ठेवल्या, तर तीच लेन्स आपले कसब दाखवते.

घरातल्या विषयांत आम्हाला सर्वांत आवडते ते गौरींच्या आरासीचे चित्र. पुढे फराळाची ताटे, मध्ये उभ्या गौरी, मागे पडदा आणि दिव्यांची माळ असे थर आपोआपच मांडलेले असतात आणि कोणी हालत नाही. दुपारच्या उजेडात, झूम वाढवून, पुढच्या करंजीच्या कातरलेल्या कडेपासून गौरीच्या नथीतल्या मोत्यापर्यंत फोकस सरकवता येतो. नथीचे एकटीचे चित्र हवे असेल तर झूम पूर्ण मागे घेऊन लेन्स तिच्या अगदी पुढ्यात न्यावी. हे दोन्ही कॅमेरे लेन्सला जवळजवळ टेकलेल्या वस्तूवरही फोकस करू शकतात. फक्त आपली सावली पडू देऊ नये.

आरशाचा एक गमतीदार प्रयोगही करून पाहावा. आरशाच्या काचेवर कुंकवाचे बोट लावून त्यात खोलीचे प्रतिबिंब टिपले, तर कुंकू आणि प्रतिबिंब हे दोन वेगळ्या अंतरांवरचे थर म्हणून नोंदले जातात, कारण प्रकाशकिरणांच्या दृष्टीने प्रतिबिंब खरोखरच काचेच्या मागे असते.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडने हे होत नाही का?

वरवर पाहता होते, आणि रोजच्या वापराला ते पुरेसेही आहे. मोबाइल दोन लेन्स किंवा शिकवलेले अल्गोरिदम यांच्या आधारे अंतराचा अंदाज बांधतो आणि मागची बाजू कृत्रिमरीत्या धूसर करतो. केसांच्या बटा आणि चष्म्याच्या कडा येथे तो अंदाज कधी कधी चुकतो. ज्या मोबाइलच्या सेन्सरमध्ये प्रत्येक भिंगाखाली दोन पिक्सेल असतात, तो तर दोनच दिशांचा अगदी छोटा लाइट फील्ड कॅमेरा आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी घ्यावा का?

होय, आमच्या मते हाच याचा सर्वांत चांगला उपयोग आहे. श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत किंवा आयआयटी इंदूरमध्ये प्रतिमाप्रक्रिया शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इलमच्या एका फाइलमधून मुख्य लेन्सच्या वेगवेगळ्या भागांतून दिसणारी १५ गुणिले १५ लहान चित्रे काढता येतात, त्यांची तुलना करून दृश्यातील वस्तू किती अंतरावर आहेत याचा नकाशा (डेप्थ मॅप) तयार करता येतो, आणि फोकस बदलण्याचे गणित स्वतः लिहिता येते. औद्योगिक वापराचे लाइट फील्ड कॅमेरे जर्मनीतील रेट्रिक्स कंपनी बनवते, पण ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नाहीत. प्रकल्प सादर करण्याच्या महिनाभर आधी मात्र कॅमेऱ्यावर विसंबून राहू नये. लागणारी सगळी चित्रे पहिल्याच सत्रात घेऊन ठेवावीत.

काढलेली चित्रे पुढे कशी जपावीत?

प्रत्येक निवडक चित्राच्या तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात: कच्ची फाइल, त्या कॅमेऱ्याची कॅलिब्रेशनची माहिती, आणि निरनिराळ्या फोकसवर काढलेल्या तीन-चार सपाट जेपेग किंवा टिफ प्रती. सॉफ्टवेअरची स्थापनाफाइलही त्याच फोल्डरमध्ये टाकावी आणि फोल्डरच्या नावात कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहावा. या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे द्यावी. कॅमेरा विकण्याची वेळ आलीच, तर हेच फोल्डर पुढच्या मालकालाही सोबत द्यावे.